रेडिएशन घ्यायचं असेल तर इम्प्लांटचं गणित बदलतं

वर कुणीतरी लिहिलंय की कॅन्सरमुळे स्तन काढल्यावर त्या जागी इम्प्लांट, म्हणजे स्तनाच्या आकाराची कृत्रिम पिशवी, बसवलं की विषय संपला, पोटाची चरबी घेऊन करायची ती मोठी शस्त्रक्रिया हवी कशाला? शस्त्रक्रिया छोटी हे खरं, पण विषय संपत नाही. इम्प्लांट जन्मभराचं नसतं, पुढे बदलावं लागू शकतं. त्यात रेडिएशन असेल तर शरीर इम्प्लांटभोवती जे वेष्टन तयार करतं, ते आवळून कडक होण्याची शक्यता बरीच वाढते.

माझ्या मावशीचं नेमकं हेच झालं. शेवटी इम्प्लांट काढून डीप फ्लॅप केला, म्हणजे पोटाची त्वचा आणि चरबी रक्तवाहिन्यांसकट उचलून छातीवर जोडायची. पोटाचा स्नायू जागेवरच राहतो. आठ तास आम्ही बाहेर बसून होतो! पोटावर आडवा लांबलचक व्रण आहे, त्याचं तिला काही नाही. छातीला स्पर्श मात्र पूर्वीसारखा कळत नाही, आणि हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा प्लास्टिक सर्जनला स्तन काढण्याच्या आधीच भेटून घ्या. तिच्या शेजारच्या खाटेवरच्या काकूंनी यातलं काहीच केलं नाही, ब्रामध्ये घालायचं कृत्रिम स्तन घेतलं. त्याही मजेत आहेत.