खांद्याच्या सोनोग्राफीत शिवलेला टेंडन काळपट दिसतो, म्हणजे पुन्हा फाटला का?

डावखुरा:
रोटेटर कफची (खांद्याभोवतीचे स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणारे पट्टे, म्हणजे टेंडन) दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होऊन तीन महिने झाले. त्यातला सुप्रास्पायनॅटस हा वरचा टेंडन अँकर (हाडात बसवायची छोटी खुंटी) घालून हाडाला शिवलाय. परवाच्या सोनोग्राफीत लिहिलंय, 'टेंडन विषम, इको कमी, सलगता टिकून.' हात बराच वर जातो, पण त्या कुशीवर झोपवत नाही. एमआरआय करून घ्यावा का?

प्रोबवाली:
मी रोज खांदेच बघते, म्हणून सांगते. त्या ओळीतला कामाचा शब्द 'सलगता', म्हणजे टेंडन अखंड आहे. शिवलेला टेंडन पहिले काही महिने काळपट (म्हणजेच 'इको कमी'), खडबडीत दिसतोच. तिथे व्रणाची ऊती भरत असते. डॉपलर या सोनोग्राफीच्याच पद्धतीत तिथला रक्तप्रवाहही दिसतो, तो पुढे ओसरतो. तेवढ्यावरून कुणी 'फाटला' म्हणू नये. फाटलेला असला तर टेंडनमध्ये आरपार फट दिसते, बहुधा द्रव साचलेला असतो आणि हाडावरची चिकटण्याची जागा उघडी पडते.

आणखी एक गंमत. प्रोब (त्वचेवर टेकवायचा सोनोग्राफीचा दांडा) जरा तिरका झाला, तर धडधाकट टेंडनही काळा दिसतो. म्हणून आम्ही सारखा कोन बदलत राहतो, पेशंटला वाटतं हिला काही सापडतच नाहीये!

डावखुरा:
हात मागच्या खिशावर ठेवायला सांगितला, तो नीट गेलाच नाही. तपासणी अर्धवट राहिली का?

प्रोबवाली:
थोडी अडचण होते खरी. त्या स्थितीत टेंडन अॅक्रोमिअनच्या, म्हणजे खांद्याच्या टोकावरच्या, हाडाखालून पुढे येतो. हाडाच्या सावलीत गेलेला भाग आम्हाला दिसत नाही, आणि ताठ खांद्यात तो जास्त झाकलेला राहतो. पण जोर करून हात मागे ओढायचा नाही. रिपोर्टमध्ये 'मर्यादित तपासणी' असं लिहिलंय का, ते बघा.

व्यायामशाळा:
फिजिओ आहे. रात्रीचं दुखणं आणि टेंडनची अवस्था यांचं गणित जुळेलच असं नाही. पुन्हा फाटूनही फारसं न दुखणारे असतात आणि जुळूनही कुरकुरणारे असतात. मी ताकद बघते, विशेषतः हात बाहेर फिरवतानाची. ती अचानक घटली तर मात्र सर्जनना लगेच गाठा.

डावखुरा:
ताकद हळूहळू वाढतेय. मग एमआरआय नको?

प्रोबवाली:
ते सर्जन ठरवतील. स्नायूत चरबी किती शिरलीये किंवा सांध्याच्या आत काय चाललंय, हे एमआरआयवर जास्त चांगलं कळतं. अँकर धातूचा असेल तर मात्र त्याच्या भोवतीचं चित्र बिघडतं. पुढची सोनोग्राफी जमल्यास त्याच डॉक्टरांकडे करा आणि आत्ताच्या प्रतिमा सोबत न्या, नुसता रिपोर्ट नको.