मदत हवी आहे: ऑनलाइन बीकॉमला नोकरीत किंमत मिळते का?

नमस्कार राजेहो, दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातून लिहितोय. माह्या लहान बहिणीनं यंदा बारावी कॉमर्स काढली, कॉलेज तालुक्याला आहे पण एसटीचा काही भरोसा नाही, आणि सोयाबीन सोंगणी, कापूस वेचणीच्या दिवसांत आईला वावरात तिच्याशिवाय जमत नाही, म्हणून ऑनलाइन बीकॉम करायचा विचार आहे. यूजीसीनं २०२२ मध्येच सांगितलंय की मान्यता असलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी रेग्युलरच्या बरोबरीची धरायची, म्हणजे सरकारी फॉर्म भरायला अडचण नाही, एवढं समजलं. माझी चिंता प्रायव्हेटची आहे. यवतमाळच्या एका ऑफिसात मित्राला तोंडावर म्हटलं, "रेग्युलरवालेच पाहिजे". पोरगी हुशार आहे हो, तीन वर्ष वाया गेले तर मलेच लागन ते.

नागपूर-अमरावतीकडे कोणी भरती पाहत असेल तर खरं सांगा, मुलाखतीत हे विचारतात का? सोबत टॅली, जीएसटीचं काम शिकून सीएकडे वर्षभर बसली तर फरक पडेल का? का मुक्त विद्यापीठच बरं, त्याचं नाव तरी सगळ्यायले माहीत आहे? ॲडमिशनची तारीख जवळ आली आहे.