टेक्सास: १९८१ चं तेलाचं लीज कागदावरून उतरवायचं कसं?

निफाडकर_ह्यूस्टन
नमस्कार मंडळी. २०१४ साली फेयेट काउंटीत ३८ एकर घेतले. खरेदीखतात खालच्या खनिजाचा निम्मा हक्क आला, उरलेला निम्मा जुन्या मालकाच्या भाच्यांकडे. त्यावर १९८१ चं लीज (कंपनीला तेल काढू देणारा करार) आहे, गिडिंग्ज भागातल्या तेलाच्या तेजीतलं. मुदत तीन वर्षं 'आणि पुढे तेल निघत राहील तोवर'. रॉयल्टी, म्हणजे तेलातला मालकाचा वाटा, आठवा हिस्सा.

विहीर एकच. पंपजॅक (तेल उपसणारा पंप) मान टाकून बसलाय, विजेचा मीटर कुणीतरी काढून नेला आणि रिकाम्या खोक्यात गांधीलमाश्यांनी घर केलंय. आता दुसरी कंपनी नवं लीज करायला तयार आहे, पण म्हणते आधी जुन्याचं रिलीज (जुन्या कंपनीने हक्क सोडल्याचा कागद) आणा. जुन्या कंपनीला दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. आणि जानेवारीत अचानक ३८ डॉलरचा चेक! सोबतच्या चिठ्ठीवर 'शट-इन रॉयल्टी', म्हणजे विहीर बंद असली तरी लीज टिकवायला दिलेले पैसे. सध्या फ्रीजवर चुंबकाखाली आहे. बायको म्हणते भरून टाक, गाडीचं पेट्रोल तरी सुटेल. भरू का?

मिडलंडचा_पांडू
दादा, चेक राहू दे फ्रीजवरच! पैसे घेतलेत म्हणजे लीज चालू असल्याचं तुम्हालाही मान्य होतं, असं उद्या म्हणतील. भाच्यांनाही आला असणार, त्यांनी भरला का विचारा.

तेल थांबलं आणि लीजमधली सवलतीची कलमंही लागू होत नसली, तर टेक्सासमध्ये लीज आपोआप संपतं. रिलीज म्हणजे सोसायटीचं कर्ज फिटल्यावर सातबाऱ्यावरचा बोजा उतरवणं. फिटलंय खरं, पण नोंद दिसते तोवर दुसरा कोण दारात उभा राहील?

रेलरोड कमिशनच्या साइटवर जा (नाव रेल्वेचं, काम तेलाचं). टाकीवरच्या पाटीवर लीज नंबर असेल, तो टाकला की १९९३ पासूनचं महिनावार उत्पादन दिसतं. एक मेख आहे. तेलाचा आकडा विहिरीचा नसतो, अख्ख्या लीजचा असतो. शेजारच्या रानात त्याच लीजची विहीर चालू असेल तर तुमचा मेलेला पंप पुरावा म्हणून काही कामाचा नाही.

निफाडकर_ह्यूस्टन
पाहिलं. २०१८ मध्ये महिन्याला तीन-चार बॅरल, नोव्हेंबर २०१९ नंतर नुसती शून्यं. लीज ११२ एकरांचं निघालं, पण दुसरी विहीर नाही.

ऑस्टिनची_वकील
लीज जिवंत की मेलं हे कमिशन ठरवत नाही, कोर्ट ठरवतं. तीन-चार बॅरलवर जुन्या कंपनीने भर दिला तरी १९५९ च्या क्लिफ्टन विरुद्ध कूंट्झ खटल्यापासून प्रश्न असा विचारतात: ठरावीक काळात चालवण्याचा खर्च वजा जाऊन नफा उरत होता का, आणि नसेल तर शहाण्या माणसाने ती विहीर चालू ठेवली असती का? तुमच्याकडे तर शून्यच आहे. शट-इनचं कलम नीट वाचा, जुन्या छापील लीजमध्ये ते बहुधा गॅसच्या विहिरीपुरतं असतं. उत्पादन थांबल्यावर किती दिवसांची सवलत आहे तेही पाहा, ६० किंवा ९० असेल.

रागाच्या भरात 'लीज संपलं, पाय ठेवू नका' असं मात्र लिहू नका. मालकानेच हक्क नाकारला म्हणून आम्ही काम करू शकलो नाही, ही सबब आयती मिळते. पत्र वकिलाकडून जाऊ द्या, चेकही त्यासोबतच परत पाठवा. आणि रिलीजमध्ये सगळी जमीन, तिच्याखाली कितीही खोलवर, असं स्पष्ट हवं, नाहीतर विहिरीभोवतीचे चार एकर हळूच मागे ठेवतात. 'रॅटिफिकेशन' (जुनं लीज मान्य असल्याची कबुली) शब्द असलेल्या कशावरही सही करू नका.

निफाडकर_ह्यूस्टन
पाच महिन्यांनी अपडेट. भाच्यांनी चेक भरला नव्हता, नशीब! रिलीजच्या पहिल्या मसुद्यात खरोखरच 'विहिरीभोवतीचे १० एकर वगळून' होतं. ताईंचं वाचून अडलो, दुसऱ्यात गेलं. काल ला ग्रेंजच्या काउंटी क्लार्ककडची (दस्त नोंदवणारी कचेरी) नोंदलेली प्रत हातात आली. विहीर बुजवायची जबाबदारी त्यांचीच, पण तारीख काही सांगत नाहीत. इथे कुणाची बुजवून झालीय का? किती दिवस लागले?