थेम्स नदीवरील वेगवान बोटीची सफर: शहर दिसते का, आणि पाठीला झेपते का?

तापीकाठ (भुसावळ):

मंडळी, नमस्कार.

मी रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालो असून माझे वय ६६ आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझी पत्नी तीन आठवड्यांसाठी मुलीकडे लंडनला जात आहोत. मुलीने आणि जावयांनी आमच्यासाठी जे बेत आखले आहेत, त्यांत थेम्स नदीतून वेगवान बोटीने शहर पाहण्याची पाऊण-एक तासाची सफर आहे. नऊ वर्षांच्या नातवाने ती मनाशी पक्की ठरवून टाकली असून तो दर रविवारी फोनवर मला त्याबद्दल विचारतो. त्याला नाही म्हणणे माझ्या जिवावर येते.

चार वर्षांपूर्वी माझ्या कमरेच्या मणक्यातील चकती सरकली होती. तेव्हा दीड महिना अंथरुणावर काढावा लागला. आता चालणे-फिरणे व्यवस्थित आहे, परंतु खड्ड्यांच्या रस्त्यावरून रिक्षाने गेल्यास दुसऱ्या दिवशी कंबर धरते. पत्नीची अडचण निराळी आहे. तिला पाण्याचे भय वाटते. तापीवरच्या पुलावरून गाडी जाताना ती आजही हात जोडते, आणि तो केवळ भक्तिभाव नाही, हे मला ठाऊक आहे. जळगावच्या मेहरूण तलावात नातवाला घेऊन केलेला नौकाविहार, एवढाच काय तो आमचा बोटीचा अनुभव.

इतक्या वेगात शहर खरोखर पाहता येते का, की तो केवळ वेगाचा आनंद असतो? माझ्यासारख्याने त्या बोटीत बसावे का? आणि पत्नी नेहमी साडी नेसते, तिची तेथे अडचण होईल का? ज्यांनी ही सफर केली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पांझराकाठची प्रवासी (धुळे):

काका, आम्ही गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये ही सफर केली होती. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, शहर दिसते, पण ते सफरीच्या पहिल्या भागातच.

लंडन आय या मोठ्या पाळण्याजवळच्या धक्क्यावरून आमची बोट निघाली. बोटीत आम्ही बाराजण होतो, शिवाय चालक आणि माहिती सांगणारा एक तरुण. निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट चढवून त्यांनी पट्टे स्वतः तपासले. तेथून टॉवर ब्रिजपर्यंतचे तीन-साडेतीन किलोमीटर बोट संथपणे जाते. संसदेची इमारत आणि घड्याळाचा मनोरा पाठीमागे राहतो. मग एकेका पुलाखालून जाताना डावीकडे सेंट पॉल्सचा घुमट, उजवीकडे शार्ड हा काचेचा निमुळता मनोरा, नांगरून ठेवलेली बेलफास्ट ही जुनी युद्धनौका आणि शेवटी डावीकडे लंडनचा किल्ला (टॉवर ऑफ लंडन), असे सारे क्रमाने समोर येत जाते. किल्ल्याच्या भिंतीला पाण्याच्या पातळीवर एक कमानदार दरवाजा आहे, ज्यातून कैद्यांना नावेने आत नेत असत. रस्त्यावरून पाहताना त्या दरवाजाचा अर्थ नीट ध्यानात येत नाही. नदीतून, कैद्याच्या उंचीवरून तो पाहिला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

टॉवर ब्रिज ओलांडून थोडे पुढे गेल्यावर चालकाने वेग वाढवला आणि तेथून पुढची दहा-पंधरा मिनिटे मी शहर पाहिले असे म्हणता येणार नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होते, कानांत वारा भरला होता, बोट लाटांवरून उसळून खाली आदळत होती आणि वळण घेताना एका कुशीवर कलत होती. माझ्या मुलांना तोच भाग सर्वांत आवडला. मला तो आवडला नाही असे नाही, पण ते नगरदर्शन नव्हे. पाठदुखी असलेल्यांनी बसू नये, हे त्यांनी तिकीट घेतानाच स्पष्ट सांगितले होते.

साडीचे म्हणाल, तर काकूंनी त्या दिवसापुरता पंजाबी ड्रेस घालावा. काही बोटींत घोड्यावर बसल्यासारखे दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे लागते, आणि साधी बाके असली तरी त्या वाऱ्यात पदर आवरता येत नाही. स्वेटर अवश्य ठेवा. आपण खानदेशातल्या उन्हातून गेलेली माणसे, तेथल्या जूनमध्येही पाण्यावर आपल्याला हुडहुडी भरते.

बोरीकाठ ते थेम्सकाठ (मूळ अमळनेर, सध्या लंडन):

काका, मी अकरा वर्षांपासून येथे राहतो आणि रोज नदी ओलांडून कामाला जातो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

बोट आधी संथ आणि मग वेगवान का, याचे कारण बंदर प्राधिकरणाचा नियम आहे. शहराच्या मध्यभागात नदीवर १२ नॉट्सची, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटरची मर्यादा आहे. पूर्वेला वॉपिंग ओलांडल्यानंतर परवानगी असलेल्या बोटींना तो वेग ओलांडता येतो आणि तेथे या बोटी ३० नॉट्सच्या, म्हणजे ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास जातात. रेल्वेतल्या माणसाला ५५ हा आकडा किरकोळ वाटेल, परंतु पाण्यापासून हातभर उंचीवर, उघड्या बोटीत, रुळांशिवाय तो वेग फार वेगळा जाणवतो.

येथल्या लाटांविषयी पाहुण्यांना सहसा कोणी सांगत नाही. थेम्स समुद्राच्या भरती-ओहोटीने चढते-उतरते, आणि लंडन ब्रिजपाशी पाण्याची पातळी दिवसातून दोन वेळा सात मीटरपर्यंत वरखाली होते. शिवाय एकोणिसाव्या शतकात शहराने नदीला दोन्ही बाजूंनी दगडी भिंती घालून अरुंद केले. व्हिक्टोरिया एम्बँकमेंट हा त्या भिंतींचा सर्वांत प्रसिद्ध भाग १८७० मध्ये खुला झाला. आपल्या तापीच्या उतरत्या काठावर लाट येऊन विरते, येथे मात्र मोठ्या बोटींनी उठवलेली लाट उभ्या भिंतीवर आपटून परत फिरते आणि समोरून येणाऱ्या लाटेत मिसळते. त्यामुळे वारा नसतानाही पाणी खडबडीत असू शकते. वारा एका दिशेने आणि ओहोटीचा प्रवाह विरुद्ध दिशेने असेल, तर लाटा अधिक उभ्या होतात. बोट आदळते ती या लाटांवर. एकच सफर एखाद्या दिवशी सुखाची होते आणि एखाद्या दिवशी हाडे खिळखिळी करते, ते यामुळेच.

सुरक्षिततेचेही लिहितो. २० ऑगस्ट १९८९ च्या पहाटे मार्शनेस नावाच्या सहलीच्या बोटीला गाळ उपसणाऱ्या मोठ्या जहाजाची धडक बसून ५१ माणसे बुडाली. त्या दुर्घटनेनंतरच्या चौकशीमुळे २००२ मध्ये थेम्सवर जीवरक्षक बोटींची चार ठाणी सुरू झाली आणि त्यांतील वॉटर्लू पुलाजवळचे ठाणे आज संपूर्ण ब्रिटनमधले सर्वांत व्यग्र ठाणे आहे. वॉपिंगला नदीच्या पोलिसांचे ठाणे आहे, आणि ते दल १७९८ पासूनचे आहे. म्हणजे मदत जवळ असते. तरीही वेगाचा धोका उरतोच. २०२० मध्ये साउथॅम्प्टनजवळच्या पाण्यात अशाच वेगवान सफरीची बोट एका बोयाला (पाण्यातल्या तरंगत्या खुणेला) धडकून १५ वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला होता.

आता तुमच्यासाठी पर्याय. थेम्सवर प्रवासी वाहतुकीच्या मोठ्या बोटी आहेत, ज्यांना येथे रिव्हर बस म्हणतात. लंडन आय ते ग्रिनिच असा प्रवास त्यांतून करता येतो. आत बसायला चांगल्या खुर्च्या, मोठ्या काचा, चहा-कॉफी आणि स्वच्छतागृह असते, मागच्या बाजूला उघड्या हवेत उभेही राहता येते. त्यासुद्धा टॉवर ब्रिजच्या पुढे ताशी ५० किलोमीटरच्या आसपास धावतात, पण दोन जोड तळांच्या आणि वजनदार असल्यामुळे पाणी कापत जातात, उसळत नाहीत. शनिवार-रविवारी फार गर्दी होते, तेव्हा मधल्या वारी सकाळी अकराच्या सुमारास निघा.

आणि काका, तुम्ही रेल्वेतले आहात म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ब्लॅकफ्रायर्सला रेल्वे स्थानकाचे फलाट थेट नदीवर, पुलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आहेत आणि छतावर सौर पट्ट्या बसवल्या आहेत. त्याच्या शेजारी पाण्यात लाल रंगाचे जाडजूड खांब उभे दिसतील, ज्यांच्यावर काहीच नाही. तो १८६४ चा जुना रेल्वे पूल होता. गाड्यांचे वजन पेलेना म्हणून वरचा भाग १९८५ मध्ये काढला आणि खांब तसेच ठेवले. रिव्हर बसमधून ते अगदी जवळून दिसतात. नातवाला त्या खांबांची गोष्ट तुमच्याइतकी चांगली कोण सांगणार?

मेहरूण (जळगाव):

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून केवळ पाठीपुरते लिहिते.

तापीकाठ दादा, तुम्ही स्वतःच उत्तर दिले आहे. ज्याची कंबर रिक्षाच्या धक्क्यांनी धरते, त्याने त्या बोटीत बसू नये. या बोटींचा तळ कठीण असतो. लाटेवरून उचललेली बोट खाली आदळते, तेव्हा तो धक्का तळातून आसनात आणि आसनातून सरळ मणक्यांत जातो. बसलेल्या स्थितीत, विशेषतः पुढे वाकून किंवा छायाचित्र काढण्यासाठी कंबरेत वळून बसलेले असताना, चकत्यांवर आधीच जास्त भार असतो, आणि त्यात हा धक्का अचानक येतो. पुढच्या बाकांवर तो सर्वाधिक बसतो, कारण बोटीचा मागचा भाग इंजिनाच्या वजनाने पाण्याला धरून असतो आणि उसळते ते टोक. अशा सफरींत मणका दबून अस्थिभंग झाल्याच्या घटना ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने नोंदवल्या आहेत.

येथे सर्वजण तुमच्या पाठीची काळजी करत आहेत, परंतु मला वहिनींची अधिक वाटते. त्यांचे वय तुम्ही लिहिलेले नाही, पण रजोनिवृत्तीनंतर अनेक स्त्रियांची हाडे ठिसूळ होत जातात आणि त्याची कल्पना अस्थिभंग होईपर्यंत येत नाही. ज्यांना कधीच पाठदुखी नव्हती, अशा स्त्रियांनाही एका जोराच्या धक्क्याने मणका दबण्याचा त्रास होऊ शकतो. निघण्यापूर्वी त्यांच्या हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यावी आणि आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. बसायचे झाल्यास अगदी मागचे बाक, दोन्ही पाय तळाला टेकलेले, पाठ सरळ आणि हात कठड्याला. भ्रमणध्वनी खिशात ठेवावा.

नर्मदाकाठ (नंदुरबार):

मी आरोग्यसेविका म्हणून अक्कलकुवा तालुक्यात नोकरी केली. मणिबेलीसारख्या नर्मदाकाठच्या गावांना सरदार सरोवराच्या पाण्यातून बोटीनेच जावे लागे. पहिल्या महिन्यात मी काठावर परतेपर्यंत शब्दही बोलत नसे, म्हणून ताईंचे भय मला समजते. त्यांना कोणी भित्री म्हणू नये, एवढी विनंती.

माझे भय कमी झाले ते बोट काय करते हे कळल्यावर. वळताना बोट कलते, तेव्हा ती बुडायला निघालेली नसते, वळणाच्या आत कलणे हा तिचा स्वभावच आहे. तुम्ही ज्या बोटीविषयी विचारले आहे, तिच्या कडांना हवा भरलेल्या जाड नळ्या असतात आणि त्या आतून वेगवेगळ्या कप्प्यांत विभागलेल्या असतात, म्हणजे एखादा कप्पा फुटला तरी बाकीचे तिला तरंगत ठेवतात. हे ताईंना घरीच, शांतपणे सांगा. लाइफ जॅकेटचा पट्टा त्यांनी स्वतःच्या हाताने लावावा आणि चालक दिसेल अशा जागी बसावे. चालकाचा चेहरा निवांत दिसला, की आपलाही श्वास सुटतो. आणि ऐन वेळी त्यांनी नको म्हटले, तर ते नको ऐकावे.

तापीकाठ (भुसावळ):

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या आपुलकीने कोणी लिहील, अशी अपेक्षा केली नव्हती.

मेहरूणताई, आपले उत्तर वाचल्यावर त्याच आठवड्यात पत्नीची तपासणी जळगावला करून घेतली. तिचे वय ६१ आहे. हाडांची घनता बरीच कमी निघाली. तिने कधी पाठ दुखत असल्याची तक्रारही केली नव्हती, त्यामुळे आम्ही दोघेही हादरलो. डॉक्टरांनी औषधे सुरू केली असून असे धक्के बसतील तेथे जाऊ नये, असे निक्षून सांगितले आहे. विमानप्रवासाला हरकत नाही.

मुलीशी बोललो. जावई नातवाला घेऊन वेगवान बोटीने जातील आणि मी, पत्नी व मुलगी रिव्हर बसने. ते दोघे टॉवरच्या धक्क्यावर आमची वाट पाहतील आणि तेथून सगळे एकत्र ग्रिनिचला जाऊ. नातू थोडा हिरमुसला होता. ब्लॅकफ्रायर्सच्या लाल खांबांविषयी मी त्याला फोनवर सांगितले, तेव्हा मात्र त्याने विचारले की, पूल काढला तर खांब का नाही काढले. त्याचे उत्तर मला देता आले नाही. बोरीकाठकरांना ठाऊक असल्यास कृपया कळवावे, आम्ही १२ जूनला निघत आहोत.