विषय: बचत गटाच्या ग्रॅव्ह साइटवर कार्ट (खरेदीची टोपली)?

नमस्कार मंडळी,

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बचत गटाला आपण ग्रॅव्हवर (साध्या फाइलींवर वेबसाइट चालवणारी प्रणाली) साइट करून दिली, ती छान चाललीय. आता त्यांना कर्दंट (डिंक-सुकामेव्याची मिठाई), शेंगा चटणी आणि मांडे ऑनलाइन विकायचेत. म्हणजे इथून, बेळगावहून, आपल्यालाही महाराष्ट्रातल्या आई-वडिलांकडे पार्सल धाडता येईल. पण ग्रॅव्हला डेटाबेसच नाही. सगळं वर्डप्रेस-वूकॉमर्सवर (डेटाबेसवर चालणारी साइट आणि तिचं दुकानाचं प्लगइन) हलवायचं का? शनिवारच्या मीटिंगआधी कळवा.
– सचिव

सचिवताई,

अजिबात हलवू नका. दोन-चार वस्तूंसाठी वूकॉमर्स घेतलं तर प्लगइन अपडेट करत कोण बसणार? ग्रॅव्हमध्ये एका वस्तूचं एक पान, म्हणजे एक मार्कडाउन (साध्या मजकुराची) फाइल; वजन-किंमत फ्रंटमॅटरमध्ये, म्हणजे फाइलीच्या वरच्या माहितीच्या भागात. दुकान मांडायला तेवढं पुरे की.

अडतं ते ऑर्डरीपाशी. फॉर्म प्लगइन ऑर्डर फाइलीत लिहून ठेवू शकतो, पण गिऱ्हाइकांचे पत्ते-फोन तिथे नकोत. साइटचा फोल्डर गिटवर (फाइलींच्या सगळ्या आवृत्त्या जपणारी प्रणाली) असतो, चुकून तेही तिकडे जातील. शिवाय शिलकीचा आकडा साध्या फाइलीत ठेवला आणि शेवटचं पाकीट दोघांनी एकदम घेतलं, तर दोघांनाही ‘मिळालं’ असं दिसेल.

म्हणून पैसे आणि ऑर्डरी दोन्ही बाहेर ठेवा: रेझरपे या ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेचं पेमेंट पेज करा आणि प्रत्येक पानावर त्याची लिंक द्या. यूपीआय चालतं. किंमत त्यांच्या डॅशबोर्डवर ठरते, त्यामुळे ब्राउझरमध्ये ३५० चे ३ रुपये करून कुणी गंडवू शकत नाही. स्वतः जावास्क्रिप्टची कार्ट लिहिलीत तर ही तपासणी सर्व्हरवर आपल्यालाच करावी लागेल. पेपॅल १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे घेत नाही, तेव्हा गावच्या गिऱ्हाइकाला ते निरुपयोगी.

खरी गोम पुढेच आहे. बेळगावहून पार्सल पाचशे किलोमीटरवर बेंगळूरला गेलं तरी राज्यातलंच. पण इथं शेजारी महाराष्ट्रातल्या शिनोळीला गेलं की ती आंतरराज्य विक्री! करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही कमी असो, जीएसटी नोंदणी लागते. आणि आपली बरीचशी पार्सलं कोल्हापूर-पुण्यालाच जाणार. नोंदणी होईपर्यंत साइटवर आधी पिनकोड विचारा. कर्नाटकातले, म्हणजे ५६ ते ५९ नं सुरू होणारेच पुढे जाऊ द्या.

मांडे कुरिअरनं पाठवू नका हो, चुरा पोहोचेल.
– सध्या मुक्काम टिळकवाडी, बेळगाव

पिनकोडचं पटलं. नोंदणी गटाच्या नावावर करायची तर पॅन लागेल, गटाचा आहे का ते आज फोन करून विचारते. मांड्यांपुढे ‘फक्त खानापुरात येऊन’ असं लिहून टाकू.
– सचिव