‘थोरलं घर (फक्त कामाचे मेसेज)’ ग्रुप: बांधाखालचं पाणी

मोठी वहिनी (गाव): सगळ्यांनी वाचा. तलावाच्या बांधाखाली, आपल्या खालच्या वावराच्या कडेला पाणी यायलंय. मागच्या साली नुसता ओलावा होता, आता धार लागलीया. गणपतीत बोलले तवा "पावसाळ्यात पाणी येणारच की" म्हणून हसलासा. आता हसा.

आबा (गाव): पाऊस उघडू दे, बघून येतो.

जावईबापू (रुईकर कॉलनी): वहिनी, पाणी गढूळ आहे का स्वच्छ?

तात्या (गाव): मातीचा बांध हाय, पाझरणारच. आमचा बा होता तवापासनं पाझरतोय.

दादा (शाहूपुरी): *पंचगंगा नदी, राजाराम बंधारा. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. नागरिकांनी सतर्क राहावे. पुढे पाठवा.*

पिंट्या (पुणे): दादा, हे पंचगंगेचं आहे. आपला तलाव कुठं, कसबा बावडा कुठं!

दादा (शाहूपुरी): सतर्क राहायला पैसे पडत्यात काय?

पिंट्या (पुणे): वहिनी, खेकडे बघा आधी. त्यांचंच काम असणार, हाहा.

आक्का (गारगोटी): पिंट्या, तिवऱ्याला धरण फुटून घरंच्या घरं गेली रे. २०१९ चा जुलै, रात्रीची वेळ. मंत्री म्हणाला खेकड्यांनी धरण पोखरलं, आणि तुम्हाला कायमचा विनोद मिळाला. ते तरी चिपळूणकडं. मेघोली तर आपल्याच तालुक्यात की. १ सप्टेंबर २०२१, तेही रात्रीच फुटलं. एक बाई गेली, जनावरं गेली.

पिंट्या (पुणे): चुकलं आक्का.

तात्या (गाव): मेघोली मोठं काम. आपलं तळं केवढं, आणि राधानगरी बघा, शाहू महाराजांच्या काळात काम सुरू झालेलं. झालं का काय त्याला? सात दरवाजे आपोआप उघडत्यात.

जावईबापू (रुईकर कॉलनी): तात्या, ते दगडी बांधकाम आहे आणि त्याला दरवाजे आहेत. आपला नुसता मातीचा भराव. पुराचं पाणी जायला आपल्याकडं नुसता सांडवा, म्हणजे तळं भरल्यावर जादा पाणी वाहून जायची वाट. आणि लहान आहे हीच तर अडचण. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो, १० ते १५ मधल्यांना काही अटींवर. आपला बांध १० च्या आतला. त्या कायद्याखाली त्याला कोणी बघायला येणार नाही. म्हणून परत विचारतो, पाणी गढूळ आहे का स्वच्छ?

तात्या (गाव): जावईबापू, तुमचा मान हाय. पण सासुरवाडीच्या बांधावर शहरात बसून बोलणं सोपं.

मोठी वहिनी (गाव): सांडव्याचा विषय निघालाच हाय तर पोती कुणी टाकल्यात ते पण होऊन जाऊ दे.

मावशी (इचलकरंजी): शुभ सकाळ सर्वांना. आज संकष्टी आहे, चंद्रोदयाची वेळ कुणाकडे आहे का?

मोठी वहिनी (गाव): तात्या, तुम्हालाच विचारलं.

तात्या (गाव): टाकली. उन्हाळ्यात टाकली. मार्चला तळ दिसतो, मग उसाला काय अंगठा दाखवू? माझ्या मोटारीचं पाणी तुमच्या वावराला पण गेलंय, ते नाही लिहिलंसा.

धाकटे काका (गाव): गेलं की. तासाचे पैसे घेऊन गेलं. वही हाय माझ्याकडं.

तात्या (गाव): वही हाय तर विहिरीच्या वाटणीचं पण पान काढा मग.

आबा (गाव): विहीर न्हाई. हजारदा सांगितलंय, ह्या ग्रुपवर विहीर न्हाई.

जावईबापू (रुईकर कॉलनी): पोत्यांमुळं तळं सांडव्याच्या वर तुंबतंय. जोराचा पाऊस झाला आणि पाणी बांधावरून गेलं तर मातीचा बांध काही तासांत कापला जातो. तो विषय वेगळा. माझा प्रश्न धारेचा आहे. मातीच्या बांधातून स्वच्छ पाणी पाझरतं, त्याला तात्या म्हणतात तसं कुणी घाबरत नाही. गढूळ असेल तर आतली माती निघून चालली आहे. भोक खालून वर, तळ्याकडं सरकत जातं आणि वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. गढूळ आहे का स्वच्छ?

दादा (शाहूपुरी): बापू, तेच ते किती वेळा?

आक्का (गारगोटी): उत्तर मिळेपर्यंत.

धाकटे काका (गाव): बांधावरच्या बाभळी तेवढ्या तोडून टाकूया का आज? मुळं आत गेल्यात.

जावईबापू (रुईकर कॉलनी): काका, आज नको. तळं भरलेलं असताना मुळाला हात लावायचा नाही.

आबा (गाव): बघून आलो. काचेच्या गिलासात धरलं आणि ठेवलं तसंच. बोटभर माती बसली तळाला. वहिनी बरोबर बोलत हाय.

जावईबापू (रुईकर कॉलनी): आबा, मग आता थांबायचं नाही. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला, १०७७ ला फोन करा, सरपंच आणि तलाठ्याला कळवा, शाखा अभियंत्याला बोलवा. पाटाचं दार उघडून पाणी कमी करायला सांगा.

आबा (गाव): त्या दाराचा दांडा गंजलाय. दोघांनी लोंबकळलं तरी हलत न्हाई.

जावईबापू (रुईकर कॉलनी): तेही सांगा त्यांना. धार मातीनं लिंपून बंद करू नका, पाणी दुसरीकडून फुटेल. त्यावर आधी वाळू, मग खडी, मग दगड टाका. पाणी येऊ दे, माती अडली पाहिजे. सांडव्यावरची पोती एकदम ओढू नका, ओढ्याला लोंढा येईल. एकेक थर काढा, आणि त्याआधी ओढ्याकाठच्या घरांना सांगा.

मोठी वहिनी (गाव): खालच्या गोठ्यातली जनावरं मी वर आणली. रात्री तिकडं कुणी झोपायचं न्हाई, धाकट्या काकांनी तर अजिबात न्हाई. आणि तात्या, पोती काढताना मोजून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात "कुणी टाकली काय की" नको.

तात्या (गाव): म्हणजे सगळा गाव बुडवायला मीच बसलोय. बरं. लई उपकार.

*तात्या (गाव) ग्रुपमधून बाहेर पडले.*

पिंट्या (पुणे): झालं.

आबा (गाव): त्याला परत घ्या कुणीतरी. खडी आणायला ट्रॅक्टर त्याचाच हाय.