'सॅक्सोफोन-त्रिकूट' म्हणजे तीन सॅक्सोफोन की एकच?

प्रश्न

तीन वादकांच्या एका जॅझ संचाच्या नव्या अल्बमविषयी लिहिताना मी 'सॅक्सोफोन-त्रिकूटाचा नवा फ्यूजन अल्बम प्रकाशित' असा मथळा केला. तो वाचणाऱ्या स्नेह्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, तो तिघेही सॅक्सोफोन वाजवतात का, असा. प्रत्यक्षात एक जण सॅक्सोफोन वाजवतो, दुसरा डबल बास आणि तिसरा ड्रम्स. 'त्रिकूट' या शब्दाला कारस्थानाचा वास येतो, म्हणून 'त्रयी' लिहावे, असेही त्यांनी सुचवले. 'फ्यूजन'विषयी मला स्वतःलाच खात्री नाही. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद

संदिग्धता समासात आहे. 'सॅक्सोफोनांचे त्रिकूट' असा विग्रह केला तर तीन सॅक्सोफोन होतात, आणि 'सॅक्सोफोन ज्यात प्रमुख आहे असे त्रिकूट' असा केला तर एक. दुसरा विग्रह 'मावसभाऊ'सारखा मध्यमपदलोपी, म्हणजे मधले पद गाळलेला, आहे, आणि जॅझच्या व्यवहारात बहुधा तोच अभिप्रेत असतो. पाश्चात्त्य अभिजात संगीतातही 'पियानो ट्रिओ' म्हटले की तीन पियानो नसतात, पियानो, व्हायोलिन आणि चेलो असतात. मात्र पहिला अर्थही निराधार नाही, कारण जॉन सर्मन, माइक ऑस्बोर्न आणि ॲलन स्किडमोर या तीन ब्रिटिश सॅक्सोफोनवादकांनी 1970च्या दशकात प्रामुख्याने आपापल्या सॅक्सोफोनांवर उभा असलेला संच खरोखरच चालवला होता.

आपण वर्णन केलेल्या रचनेचा ठळक दाखला अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स यांचा आहे. 1957 साली त्यांनी रे ब्राउन यांचा बास आणि शेली मॅन यांचे ड्रम्स एवढ्याच साथीवर 'वे आउट वेस्ट' हा अल्बम ध्वनिमुद्रित केला आणि पियानो मुद्दाम वगळला. पियानो नसला की स्वरसंघांची (कॉर्ड्सची) चौकट सतत कानावर पडत नाही, आणि सॅक्सोफोनवादकाला सुरावट कोणत्याही दिशेने नेण्याची मोकळीक मिळते, पण त्याच वेळी ती चौकट ऐकणाऱ्याच्या मनात उभी करण्याची जबाबदारीही त्याच्या एकट्यावर येते. ही ओढाताण हाच या संचाचा प्राण आहे, आणि म्हणूनच मथळ्यात नाही तरी पहिल्या वाक्यात 'सॅक्सोफोन, बास आणि ड्रम्स' अशी तिन्ही वाद्यांची नावे यायलाच हवीत.

प्रतिसाद

आपल्या स्नेह्यांना आलेला वास खरा आहे. 'कूट' म्हणजे शिखर, म्हणून तीन शिखरांचा पर्वत तो त्रिकूट. लंका अशाच पर्वतावर वसली होती, असे रामायण सांगते. पण 'कूट' म्हणजे कपट आणि गूढही, 'कूटनीती'त आहे तसे. संगनमत करणाऱ्या तिघांना आपण त्रिकूट म्हणतो, तेव्हा हा दुसरा अर्थ कुठेतरी मागे उभा असतो. तरीही मी हा शब्द सोडणार नाही, कारण तिघांचे एकमेकांशी असलेले घट्ट संधान त्यात आहे, आणि तिघांच्या जॅझ संचात नेमके तेच लागते.

'त्रयी' मात्र येथे चुकीचा ठरेल. वेदत्रयी, प्रस्थानत्रयी, कादंबरीत्रयी हे प्रयोग पाहिले तर हा शब्द मुख्यतः ग्रंथांकडे आणि कृतींकडे झुकलेला दिसतो, त्यामुळे 'सॅक्सोफोनत्रयी' वाचून तीन अल्बमांची मालिका असावी, असा समज होईल. 'त्रिमूर्ती'त थोरवी येते, एकत्र वादन येत नाही. त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्री हे कर्नाटक संगीताचे त्रिमूर्ती, पण त्यांचा संच नव्हता.

जाता जाता एक नोंद. 'त्रिकूट' तत्सम असल्यामुळे सामान्यरूपात कू दीर्घच राहतो. आपण 'त्रिकूटाचा' लिहिले आहे, ते बरोबर आहे. 'त्रिकुटाचा' पुष्कळदा छापलेले दिसते.

प्रतिसाद

'फ्यूजन'ला माझी हरकत आहे. जॅझमध्ये हे एका विशिष्ट काळाचे आणि शैलीचे नाव आहे. 1960च्या दशकाच्या अखेरीस जॅझमध्ये रॉकचा ठेका आणि विजेवर चालणारी वाद्ये आली, आणि ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांचा 1970 सालचा 'बिचेस ब्रू' हा त्या वळणाचा सर्वांत प्रसिद्ध अल्बम. आपल्या संचात विजेवर न चालणारा डबल बास आहे, म्हणजे जाणकार वाचकाची या शब्दाने दिशाभूल होईल. 'संकर' नको, त्यात अशुद्धतेचा जुना आरोप आहे. 'सरमिसळ' म्हटले की निष्काळजीपणा आला.

माझ्या मते आपल्या रागवर्गीकरणातच अधिक नेमके शब्द आहेत. शुद्ध, छायालग आणि संकीर्ण असे रागांचे तीन वर्ग जुन्या परंपरेत मानले जात. ज्यावर दुसऱ्या रागाची छाया पडते तो छायालग, आणि ज्यात अनेक राग मिसळलेले असतात तो संकीर्ण. वर उल्लेखिलेल्या 'वे आउट वेस्ट'मध्ये रॉलिन्स यांनी काउबॉयपटांच्या वळणाची गाणी घेतली, पण वादन पूर्णपणे जॅझचेच राहिले, म्हणून त्याला मी छायालग म्हणेन. आपला अल्बम यांपैकी कोणत्या जातीचा आहे?

मूळ प्रश्नकर्त्याकडून

तो बहुतांशी संकीर्ण आहे, असे आता लक्षात येते. बऱ्याच रचनांत ड्रम्स हिपहॉपच्या ठेक्यावर चालतात, बास रेगेच्या चालीने मोजके स्वर टाकतो आणि सॅक्सोफोन ब्लूजमधून निघून मुक्त जॅझकडे जातो, त्यामुळे मूळ कोणते आणि छाया कोणाची हे सांगता येत नाही. पण 'संकीर्ण' शब्द मथळ्यात वापरायला मी कचरतो, कारण आज त्याचा रूढ अर्थ 'किरकोळ' असा झाला आहे.

प्रतिसाद

ही अडचण मान्य आहे. मग मथळ्यात 'बहुशैली' हा साधा शब्द ठेवावा आणि 'संकीर्ण' मजकुरात, रागांचा संदर्भ देऊन, वापरावा. 'अल्बम' बदलू नये; 'गीतसंग्रह' म्हणावे तर गीते नाहीत, आणि 'ध्वनिमुद्रिका' म्हटले की तबकडीच डोळ्यांपुढे येते. माझी सूचना अशी: 'सॅक्सोफोनप्रधान जॅझ त्रिकूटाचा नवा बहुशैली अल्बम'. 'प्रधान' या एका शब्दाने समासाचा प्रश्नही मिटतो.